पहिलं काम, जोडा काढा

"पहिलं काम, जोडा काढा. दुसरं काम, बठा. तिसरं काम नहीच शे."

तापीच्या काठावर नावेची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला नावाडी आप्पा हे ऐकवत. ऐकवता ऐकवता खांद्यावरचा पंचा वाळूवर अंथरत आणि असे निवांत आडवे होत, की नाव यांची नसून दुसऱ्याच कुणाची आहे असं वाटावं. लोक बिचारे घाईत. कुणाला नंदुरबारच्या बाजारात मिरची पोचवायची, कुणाला लेकीच्या सासरी जायचं. पण नाव सुटायची ती आप्पांच्या लहरीनं.

माझी शाळा शहाद्याकडे, घर नंदुरबारकडे आणि मधे ही तापी. तेव्हा तिथं पूल नव्हता. मी भूगोल शिकवायचो. दर शनिवारी दुपारी काठावर येऊन बूट घालून ताठ उभा राहायचो. मास्तरानं वाळूत अनवाणी बसायचं म्हणजे काय? वर्गात पोरांच्या तोंडून अहिराणी निघाली की मी डोळे वटारायचो, आणि घरी आईशी तीच बोलायचो. असा मी शहाणा.

आप्पा तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेले आणि बोटीवर खलाशी झाले. एकदा वेस्ट इंडीजमधल्या एका बेटाजवळ बोटीचं इंजिन बिघडलं. विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत चार महिने तिथल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात बसून काढावे लागले. त्या चार महिन्यांच्या गोष्टी आप्पांना पुढं जन्मभर पुरल्या. केळीचे मळे असलेले एक गुजर शेतकरी नेहमी नावेला असत. त्यांची समजूत अशी, की वेस्ट म्हणजे पश्चिम, तेव्हा हा मुलूख सुरतेच्या जरा पुढे असणार. गाडी कुठं बदलायची, असंही त्यांनी एकदा विचारलं होतं.

त्या गावात करायचं तरी काय, एवढं कुणी विचारायचा अवकाश! सकाळी कोळी जाळ्याची दोन्ही टोकं काठावर आणत. वाटेनं जाणाऱ्या कुणीही यावं, ओढू लागावं आणि मासळीचा वाटा घेऊन जावं. दुपारी बदामाच्या झाडाखाली झोप. ऊन उतरलं की वाळूत क्रिकेट. बॅट म्हणजे नारळाच्या झावळीचा देठ. चेंडू समुद्रात गेला तर मारणारा बाद, शिवाय आणायचाही त्यानंच. संध्याकाळी तेलाची रिकामी पिंपं वाजवायची आणि वर गरम भजी खायची. संपला दिवस.

हा सगळा कारभार आप्पांनी तापीवर आणला होता. नाव वाळूत रुतली की उतारू दोर ओढत, आणि ओढणाऱ्याला आप्पांच्या नदीतल्या वाडीतल्या टरबुजाची फोड मिळे. चांगले पागोटेवाले गृहस्थ धोतर खोचून क्रिकेट खेळत, आणि चेंडू नदीत घालवून स्वतःच भिजत आणायला जात. आप्पा घासलेटचा डबा वाजवत. मी लांबून पाहायचो. आवडायचं हो मला, पण कबूल कोण करणार?

भज्यांची गोष्ट ते नेहमी शेवटी सांगत. तिथं एक म्हातारी किनाऱ्यावर डाळीची भजी तळायची. त्यांना ती फुलौरी म्हणे. आप्पांना पाहून तिनं हिंदीसारख्या बोलीत विचारलं, की बाबा, तू कुठला? आणि पैसे न घेता द्रोण भरून पुढे केला.

एका शनिवारी मला राहवलं नाही. वेस्ट इंडीजमधली म्हातारी हिंदी कशी बोलेल? मी पिशवीतून नकाशांचं पुस्तक काढलं आणि गावाचं नाव विचारलं. आप्पांना ते सांगता येईना. खलाशी त्याला नुसतं भज्यांचं गाव म्हणत. मग मी सगळ्यांदेखत पानं उलटली आणि जाहीर केलं, की भज्यांचं गाव पृथ्वीवर नाही. लोक हसले. मीही हसलो.

आप्पा उठले. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, तिनी माले सांगेल व्हतं, देसमा गया का सांगजो, आम्ही आठे शेतस. मी तिले हा म्हनेल शे."

देशात गेलास की सांग, आम्ही इथं आहोत, एवढाच म्हातारीचा निरोप. नाव लगेच सुटली. पुढच्या शनिवारीही वेळेवर, त्याच्या पुढच्याही. ना क्रिकेट, ना डबा, ना टरबूज. आप्पा मुकाट वल्हं मारत. इतकी वर्षं उशिरावर कुरकुरणारे लोक आता वेळेवर पोचून चिडायला लागले. गुजर शेतकरी मला ऐकू जाईल असं म्हणाले, की गुरुजींनी आपला समुद्र आटवला. मी बुटांकडे बघत राहिलो.

मग एकदा नंदुरबारच्या एका हॉटेलात रेडिओवर क्रिकेट चालू होतं. वेस्ट इंडीजच्या एका खेळाडूचं नाव कानावर पडलं आणि हातातला चहा तसाच राहिला. नाव आपल्याच गल्लीतलं वाटावं असं होतं. सोमवारी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून दिलं. इंग्रजांनी उत्तरेकडची आपली माणसं बोटी भरभरून त्या बेटांवर नेली होती, ऊस तोडायला. बरीचशी परतलीच नाहीत. हे मला, भूगोलाच्या मास्तराला, ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी काठावर गर्दी होती. माझ्या एका विद्यार्थ्याचा बापही होता. वाटेत मी छान शुद्ध वाक्यं जुळवून ठेवली होती. पण आप्पांसमोर उभा राहिलो आणि तोंडातून आईशी बोलायची भाषाच निघाली.

"आप्पा, मन्ही चूक व्हयनी. म्हातारी खरी शे."

मग पुस्तकातलं सगळं सांगितलं. गुजर शेतकऱ्यांना ते माझ्याआधी पटलं. ऊस म्हटला की तोडायला माणसं लागणारच, आणि ती कुठून तरी आणणारच, यात नवल ते काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. आप्पांनी पंच्यानं डोळे पुसले. मग त्यांची नजर माझ्या पायांवर आली.

"मंग जोडा काढा ना, गुरुजी."

काढले. त्या दिवशी नाव दोन तास उशिरा सुटली आणि मी पहिलाच चेंडू नदीत घालवून बाद झालो.

पुढं पूल झाला. नाव काठावर उपडी पडली आणि वर्षा-दोन वर्षांत आप्पाही गेले. आता एस.टी. पाच मिनिटांत नदी ओलांडते. पूल आला की मी सीटखाली बूट काढून पाय मोकळे करतो. शेजारचा माणूस बघतोच, आणि विचारलं की मी सांगायला लागतो. म्हातारी आता कुठली असायला! पण आप्पांनी तिला हो म्हटलं होतं. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो, ती माणसं तिथं आहेत.