डब्यातला आवाज

गाडी ताब्यात आली की आमचे हे आधी तिची झाडाझडती घेतात. सीटखालच्या बाटल्या, कप्प्यातली बिलं, गॉगल, कंगवा, चार्जर, एकटीच राहिलेली चप्पल, सगळं एका पत्र्याच्या डब्यात जातं. डब्यावर गाडीच्या नंबराची चिठ्ठी लागते. मगच ह्यांचा हात स्क्रू ड्रायव्हरला लागतो. काम झालं की डबा गिऱ्हाइकाच्या हातात, मोजून. गल्लीत ह्यांना सगळे डबासाहेब म्हणतात, आणि ह्यांना तो मान वाटतो. मी काय बोलणार?

आमच्या दुकानाला शटर एक आणि संसार दोन. पुढे माझं शिलाई मशीन आणि सीट कव्हरं. मागे ह्यांचं काम, गाड्यांमध्ये स्पीकर आणि अँप्लिफायर बसवायचं. माझ्या मशीनची मोटार बावीस वर्षं माझ्या कानाशी घरघरते आहे. तिच्यावरून ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झाला. ह्यांचा उलटा. आजकाल तर ओठातल्या ओठात पुटपुटतात आणि वर "तीनदा सांगितलं तुला" म्हणून माझ्यावरच डाफरतात.

दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या गाडीत ह्यांनी अँप्लिफायर बसवला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अहो, इंजिन चालू केलं की स्पीकरमधून कुईं येतंय. गाडी पळवली की ते वर चढतं. मी दिवसभर ड्रिल ऐकते हो, गाडीत तरी नको."

ह्यांच्याकडे गाडी परत येणं म्हणजे घरावर बालंट आल्यासारखं. गाडी आली, डबा भरला, सीट निघाली. हे आत बसले, इंजिन चालू केलं, स्वतःच्या फोनवर ते ठरलेलं एकच बासरीचं लावलं. कुईं नाही. तरी ह्यांनी अँपची अर्थिंगची वायर सोडली, तिच्याखालचा रंग घासून पत्रा चकचकीत केला आणि बोल्ट पुन्हा आवळला. "अर्थिंग कच्चं असलं की असली थेरं होतात," म्हणाले. बाईंचा ड्रायव्हर गाडी आणि डबा घेऊन गेला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा डबा, पुन्हा सीट. बॅटरीची जाड वायर आणि गाण्याची बारीक वायर शेजारून गेली तर एकीचा आवाज दुसरीत शिरतो, म्हणून ह्यांनी सगळा गालिचा उचलून बारीक वायर गाडीच्या दुसऱ्या कडेने नेली. अख्खा दिवस गेला. माझी बसवलेली कव्हरं मलाच दोनदा काढून घालावी लागली. शेवटी ऐकलं तर गाडी गप्प. बाईंकडे गेली आणि लगेच बोलायला लागली.

तिसऱ्या फोननंतर ह्यांनी गाडीला दोष देणं थांबवलं. आवाज आहे, बाईंना येतो, मला येत नाही, म्हणजे कान गेले, असा हिशोब ह्यांनी मांडला आणि तिथून घरात कुणाला बसू देईनात. पंखा बंद करून ऐकायचं. फ्रिजची पिन काढून ऐकायचं. टीव्ही इतका बारीक करायचा की मला बातम्यांतलं एक अक्षर कळेना. चहा पुढ्यात ठेवला की उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे, चहा निवायचा. चपला काढायचे आणि परत घालायचे. त्यांच्यामागे माझाही जीव थाऱ्यावर राहिना.

रविवारी सकाळी ह्यांनी गजराचं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः डोळे मिटून खुर्चीत बसले.

"हे घेऊन मागे मागे जा. टिकटिक ऐकू येतेय तोवर माझा हात वर राहील. खोटं बोलायचं नाही."

मी मागे गेले. चार पावलांवर घड्याळ हातभर लांब धरलं तर मलाच टिकटिक येईना, ह्यांचा हात मात्र वर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले तरी वर. मला भडभडून आलं. म्हटलं, बघा, काही ऐकू येत नसताना माणूस बिचारा हात धरून बसलाय, कशासाठी, तर बायकोसमोर हार नको. मी परत आले आणि म्हटलं, "अगदी बरोबर."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"मग काय कचेरीतून दाखला आणू?"

ते हसले नाहीत. खिशातून एक चिठ्ठी काढून ह्यांनी टेबलावर ठेवली. कानाच्या दवाखान्याची होती, गुरुवारची सकाळची वेळ, त्यावर ह्यांचं नाव.

"डॉक्टर नाही म्हणाले तर मागचं दुकान त्याच दिवशी बंद. ज्याला आवाज येत नाही, त्यानं लोकांच्या गाड्या उघडू नयेत."

एकतीस वर्षांचं काम. मला राग आला त्या बाईंचा, त्या गाडीचा, ह्यांच्या हट्टाचा. आणि भीती वाटली. हातात पक्कड नसेल तर हा माणूस दिवसभर काय करेल, हे मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

मंगळवारी गाडी चौथ्यांदा आली. ह्या खेपेला ह्यांनी डॉक्टरीणबाईंनाच बोलावून घेतलं. "माझ्या कानांवर विश्वास ठेवू नका," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगताना ह्यांची मान खाली होती. मी मागच्या सीटवर कव्हराच्या क्लिपा बसवत होते. बाई पुढे बसल्या, हे त्यांच्या शेजारी. बासरी लावली, इंजिन चालू केलं. बाई म्हणाल्या, "आत्ता नाहीये हो. आश्चर्य आहे." मग त्यांनी फळीवरचा आपला डबा मागून घेतला, त्यातला चार्जर काढून सॉकेटमध्ये खुपसला, फोन त्याला लावला आणि गाण्याची वायरही ह्यांच्या फोनमधून काढून आपल्या फोनला लावली. "मी नेहमी अशीच ऐकते."

आणि त्यांनी बोट वर केलं. "हे बघा! आलं!"

हे ताठ बसले. चेहरा असा उजळला की मी क्लिप हातात धरून बघतच राहिले.

"आलं! अहो आलं! चार्जरमधून येतंय हे!" ते मागे वळले. "ऐकलंस?"

"हो, येतंय की," मी म्हटलं. खरं तर मला नुसती इंजिनाची घरघर येत होती. पण दोघं म्हणतात म्हणजे असणार.

ह्यांचा हात पुढे काहीतरी करत होता, सीटच्या पाठीमुळे मला दिसला नाही. "आणि आता?"

"आताही येतंय. जरा कमी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही हो वहिनी, चार्जर काढलाय. आता साफ गेलं."

हे हसले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघत ह्यांनी चार्जर परत खुपसला, परत काढला, परत खुपसला. मी आरशातल्या त्यांच्या तोंडावरून काही समजतंय का बघत होते, आणि त्यांना ते कळलं, हेही मला कळलं.

दोष सापडला होता. एकाच फोनला गाडीतून चार्जिंग आणि गाडीतच गाणं, दोन्ही वायरींनी विजेला गोल फिरायला वाट मिळत होती. आमच्या व्यवस्थित साहेबांनी चारही वेळा तो आवाज स्वतःच्या हाताने डब्यात भरून, चिठ्ठी लावून, फळीवर ठेवला होता. गाण्याच्या वायरीत ती वाट तोडणारी बोटाएवढी एक डबी जोडली आणि पाच मिनिटांत काम संपलं. एरवी मी ह्यांना वर्षभर चिडवलं असतं. त्या दिवशी शटर ओढेपर्यंत आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

घरी आल्या आल्या ह्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि घड्याळ घेतलं.

"डोळे मिट. येतंय तोवर हात वर."

मी हात वर केला. टिकटिक आली, मग बारीक झाली, मग गेली. मी हात खाली घेतला नाही. ह्यांनी किती वेळ धरला होता, तेवढाच धरायचा ठरवलं. खांदा भरून आला.

"अगदी बरोबर," हे म्हणाले. मी त्यांना म्हणाले होते त्याच सुरात.

मी डोळे उघडले. हे उंबऱ्यात उभे होते. घड्याळ दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ते जवळ आले, माझ्या अगदी शेजारी बसले, आणि कधी नव्हे ते मोठ्यानं बोलले.

"गुरुवारची वेळ घेतलेलीच आहे. मी येतो बरोबर."

चिठ्ठी टेबलावरच होती. ह्यांनी पेन घेतलं, पट्टी लावून स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली आणि खाली नीट अक्षरात माझं नाव लिहिलं.