मूठ ओढण्याआधी

बातमी आली तेव्हा बोर्डावर मीच होते. पुण्याहून अर्जंट कॉल होता, आणि तो कुणा बंगलेवाल्यासाठी नव्हता, आमच्या लोणावळ्याच्या टेलिफोन केंद्रासाठीच होता. शेलारभाऊंचा थोरला मुलगा वसंता पलीकडून बोलत होता. "बाई, भाऊ गेले… पहाटे, इथे दवाखान्यातच. आई कालच कपडे न्यायला घरी आलीय. तिला तुम्ही सांगाल का? मला फोनवर सांगवणार नाही." निम्म्या लोणावळ्याला फोन जोडून देणाऱ्या या माणसाच्या घरी स्वतःचा फोन नव्हता. क्वार्टर केंद्राच्या मागेच होतं. हाक मारली की ऐकू येतं, मग फोन कशाला, असं ते म्हणायचे. मी बोर्ड शेजारच्या ऑपरेटरकडे सोपवला आणि मागच्या दाराने गेले. वहिनी अंगणात गहू वाळत घालत होत्या. माझ्या गळ्यात हेडफोन तसाच राहिला होता. तो काढायचं भान न राहता मी धावत आले, एवढं पाहूनच त्यांना सगळं कळलं. मी काही बोलायच्या आत त्या खाली बसल्या. पुष्कळ वेळ आम्ही दोघी गव्हाजवळ बसून होतो.

आता महिना होऊन गेला. शेलारभाऊंबद्दल चार शब्द लिहा असं सगळे म्हणाले, कारण केंद्रात त्यांच्याबरोबर सगळ्यांत जास्त वर्षं मी काढली आणि, खरं सांगायचं तर, त्यांच्याशी सगळ्यांत जास्त भांडलेही मीच. मी नोकरीला लागले तेव्हा ते यंत्रखोलीचे सुपरवायझर होते. परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात राहून डिप्लोमा केलेला. आवाज असा की ट्रंक लाइन नादुरुस्त असली तरी मुंबईला ऐकू जाईल, असं आम्ही मुली म्हणत असू. साहेबासमोर पुस्तकी मराठी, आमच्यासमोर मावळी. रागावले की दोन्हींची मिसळ. बोर्डाच्या मोठ्या खोलीत आम्ही ऑपरेटर बसायचो, आणि काचेच्या दारापलीकडे त्यांचं राज्य सुरू व्हायचं. छतापर्यंत उंच लोखंडी रांगा, त्यांत हजारो बारीक तारा, आणि दिवसभर पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखी टकटक. मुंबई-पुण्याचं अर्धं बोलणं त्या खोलीतून पुढे जायचं. धूळ आणि ओल हे तिचे दोन वैरी. लोणावळ्यात धुळीचं निभावतं, ओलीचं नाही. आषाढ-श्रावणात धुकं खिडकीतून आत येऊन बसायचं, म्हणून तिथे बारा महिने दिवे तापत ठेवलेले असत. आणि लाल चिखल आत जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर. देवळाबाहेर काढतात तशा.

या खोलीला तिसरा वैरी होता, आग. इतक्या तारा, इतकी वीज, कुठेतरी एक जोड तापला की पुरे. बरं, पाणी मारावं तर आग विझेल, पण यंत्रं आगीत गेली काय आणि पाण्यात गेली काय, सारखंच. म्हणून परदेशी यंत्रांबरोबरच कार्बन डायऑक्साइडच्या लाल टाक्या आल्या होत्या. बोळात त्या एका रांगेत उभ्या असत. तिथून नळ्या छतावर गेलेल्या, आणि दाराशी काचेच्या पेटीत एक मूठ. काच फोडून मूठ ओढली की सगळा गॅस खोलीत. आग जागच्या जागी गुदमरते, आणि नंतर दार उघडून वारा खेळवला की ना राख, ना चिखल, ना थेंब. यंत्रं जशीच्या तशी. आम्हा मुलींना हे सगळं थोतांड वाटे. मग एका दुपारी भाऊंनी घरून पातेलं आणलं. त्यात खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं, फस्‌ झालं. शेजारच्या उंच डब्यात मेणबत्ती लावून ठेवली आणि पातेलं तिच्यावर हलकेच कलतं केलं. आतल्या रसाचा थेंबही सांडला नाही, आणि ज्योत पट्‌कन गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ हसले नाहीत. "बाजारात सोडावॉटर पिता ना, त्यातलाच ह्यो गॅस," ते म्हणाले. "पन खोलीभर झाला की आगीला जसा सोडत न्हाई, तसा मानसालाबी न्हाई. आत कुनी ऱ्हायलं आन्‌ मी मूठ वढली, तर त्याचा जीव मी घेतला. म्हनून आदी मानसं, मंग मूठ."

माणसं मोजायची त्यांची रीत मात्र खास परंदवडीची होती. त्यांच्या लहानपणी घरी कार्य असलं की त्यांची आई स्वयंपाकघरातून डोकावून ओसरीवरच्या चपला बघायची आणि तेवढी पानं मांडायला सांगायची. पाहुण्यांना विचारणं बरं दिसत नाही, चपला खोटं बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. भाऊंनी तेच उचललं. काचेच्या दाराबाहेर जेवढे जोड, तेवढी माणसं आत. भोंगा झाला की जो तो आपल्या चपला पायात सरकवून अंगणात पळणार, दारात जोड उरला नाही की मूठ ओढायची. आम्ही चेष्टा करायचो की भाऊंना आमचे चेहरे ओळखू येत नाहीत, पण चपलांचे अंगठे ओळखू येतात. ते म्हणायचे, "तुमी येताना चेहरा रोज नवा घेऊन येता बाई. चपला वर्सभर त्याच."

या हिशेबात एकच माणूस बसत नव्हतं. ठकूबाई. डोंगरातल्या वाडीवरून रोज खाली उतरून ती केर काढायला यायची, रोजंदारीवर. यंत्रखोलीतल्या फरश्या ओल्या न करता पुसाव्यात कशा, ते तिला बरोबर जमलेलं. पण ती जन्मात चपला घालत नव्हती. येताना अनवाणी, जाताना अनवाणी. रांगांच्या मागे वाकून पुसायला बसली की ती आत आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. भाऊंना ते फार लागे. शेवटी एका शनिवारी त्यांनी बाजारातून तिच्यासाठी लाल गोंड्यांच्या नव्या कोऱ्या चपला आणल्या. "ठकूबाई, ह्या तुला. दाराशी ठिवायच्या. त्या दिसल्या म्हंजे मला तू दिसलीस." ठकूबाई लाजली, पदराने चपला पुसल्या, आणि मान डोलावली.

सोमवारी दुपारी आग लागली.

त्या दिवशी पुण्याहून खात्याचे मोठे साहेब पाहणीला आले होते. आधी जळक्या रबराचा वास आला, मग काचेपलीकडे एका रांगेमागून करडा धूर. भोंगा झाला. आत काम करणारे गायकवाड मेकॅनिक आणि त्यांचा जोडीदार धावत बाहेर पडले, आम्ही मुली अंगणाकडे पळालो. मी सगळ्यांत मागे होते म्हणून पुढचं मला दिसलं. भाऊंनी पेटीची काच फोडली, मुठीला हात घातला, खाली पाहिलं आणि थांबले. दाराशी लाल गोंड्यांचा जोड तसाच होता.

"ठकूबाई कुटं हाय?" कुणालाच माहीत नव्हतं. गायकवाड म्हणाले, मी पाहिली नाही, पण ती कधी दिसते का? साहेब ओरडले, "शेलार, ओढा! लाखोंची यंत्रं आहेत!" भाऊंनी खिशातला रुमाल माठात बुडवला. त्या धांदलीत त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी माझं मनगट धरून मला मुठीसमोर उभं केलं. "सरोजबाई, मी भायेर येईस्तवर हिला कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई. साहेबाचाबी न्हाई." आणि तोंडाला रुमाल लावून ते त्या धुरात शिरले.

मी बावीस-तेवीस वर्षांची पोर. साहेब माझ्यासमोर येऊन म्हणाले, बाजूला हो. मी झाले नाही. हे धैर्य होतं असं कुणी म्हणू नये. मला एवढंच कळत होतं की आता तिथे एक नाही, दोन माणसं आत आहेत, आणि त्यांतल्या एकाचा आवाज मला ऐकू येतोय. "ठकूबाई! ये ठकूबाई!" आधी डाव्या रांगेकडून, मग उजव्या, मग खोकला, मग काहीच नाही. काचेवर धुराचा पडदा चढत होता आणि मागे साहेब माझी नोकरी घालवायची भाषा करत होते. मग दार ढकलून भाऊ भिंतीला धरत बाहेर आले. डोळे लाल, तोंडाला काळं. "आत कुनी न्हाई," एवढंच म्हणाले, आणि स्वतः मूठ ओढली. रेल्वेचं इंजिन वाफ सोडतं तसा आवाज झाला. काचेवर पांढरं धुकं दाटलं, आणि आग गेली.

पण तोवर एक अख्खी रांग जळली होती. मुंबईच्या लाइनी कितीतरी दिवस मुक्या झाल्या. आम्ही सगळे अंगणात उभे असताना ठकूबाई फाटकातून आली, डोक्यावर पाण्याची कळशी, पाय अनवाणी. तिला बघून भाऊ मटकन पायरीवरच बसले. तिने विचारलं काय झालं, आणि मग तिला सगळं कळलं. ती रडायलाच लागली. "भाऊ, तुमीच म्हनला व्हता ना, दाराशी ठिवायच्या म्हनून? मला वाटलं त्या दाराच्या चपला हायेत… मी शनवारीच ठिवल्या, पुन्यांदा हात न्हाई लावला." शनिवारपासून तो जोड तिथेच होता. रविवारी खोली बंद, सोमवारी साहेबांच्या पाहणीची धावपळ. चपला खोटं बोलत नाहीत म्हणणाऱ्या माणसाला त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि त्याही त्याने स्वतः आणलेल्या.

चौकशी झाली. मूठ ओढायला उशीर का, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर फार सोपं होतं. साहेबांनीच ते भाऊंना सुचवलं. मनाने ते वाईट नव्हते. त्यांनाही प्रकरण मिटवायचं होतं. झाडणाऱ्या बाईने शिस्त मोडून चपला दाराशी टाकून दिल्या, त्यामुळे गैरसमज झाला, असं सांगा आणि मोकळे व्हा. रोजंदारीवरची बाई, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. भाऊंची बढती तेव्हा तोंडावर आली होती. पुण्याला बदली, वसंताचं कॉलेज, सगळं ठरल्यासारखं. घरी वहिनींनीसुद्धा एकदा बोलून पाहिलं असावं. भाऊंनी साहेबांसमोर अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, "चपला मी दिल्या होत्या. कशासाठी दिल्या ते तिला नीट समजावून सांगितलं नाही, ही माझी चूक. ती सांगितल्याप्रमाणे वागली." तो विषय तिथे संपला आणि भाऊंची बढतीही. त्यांच्याहून धाकटे लोक पुढे गेले, साहेब झाले, पाहणीला येऊन त्यांनाच प्रश्न विचारू लागले. भाऊ त्याच यंत्रखोलीत राहिले. मला त्यांचा फार राग यायचा. एवढा हुशार माणूस, आणि एका रिकाम्या खोलीपायी सगळं घालवून बसला! एकदा मी ते बोलूनही दाखवलं. म्हटलं, भाऊ, वाईट नाही वाटत? आत तर कुणीच नव्हतं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "आत कुनी न्हाई हे मला आत गेल्यावर कळालं ना, बाई," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी भांडताना माझा आवाज खालच्या पट्टीत लागायचा.

चपला मोजणं त्यांनी त्याच आठवड्यात बंद केलं. मग नावं सुरू झाली. भोंगा झाला की सगळ्यांनी अंगणात जमायचं, गायकवाडांनी मोठ्याने एकेक नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव येईल त्याने स्वतःच्या तोंडाने "भायेर" म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीने बोललेलं चालायचं नाही. पहिलं नाव शेलारभाऊंचं, कारण शोधायला आत कुणी जायचंच तर ते जाणार. शेवटचं ठकूबाईचं. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी टाक्या नळ्यांपासून सोडवून ठेवून ही रंगीत तालीम व्हायची. आमच्यातल्या शिकलेल्या मुली लाजत, पुटपुटत "बाहेर" म्हणाल्या की भाऊ ओरडलेच. ठकूबाईचा आवाज मात्र वाडीवर पोचेल असा. भाऊ म्हणायचे, बघा, हिच्याकडून शिका, जित्या मानसाचा आवाज असा पायजे.

गेल्या आठवड्यात यंदाची तालीम झाली. नवे इंजिनिअर पुण्याहून आलेत, तरुण आहेत, समजून घेणारे आहेत. भोंगा झाला, आम्ही अंगणात जमलो. गायकवाड पायरीवर उभे राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हाक मारून गेले, "शेलारभाऊ!"

चूक गायकवाडांच्या लगेच लक्षात आली, पण पुढचं नाव त्यांच्या तोंडातून निघेना. मी खाली मान घातली. क्वार्टरच्या खिडकीत वहिनी उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असणार… नवे इंजिनिअर एकदा आमच्याकडे आणि एकदा गायकवाडांकडे पाहत राहिले. आणि मग मागून, सगळ्यांच्या शेवटी उभी असलेली ठकूबाई वाडीवर पोचेल अशा आवाजात बोलली.

"भाऊ भायेर गेलं. म्होरलं नाव घ्या."