पाटातली टोपली

आमची वाडी उठली तेव्हा वैशाख होता. पुढच्या पावसात धरणाचं पाणी उंबऱ्यापर्यंत येणार होतं, म्हणून आबा आणि नानाकाका घराचे वासे उतरवून ट्रकात भरत होते. आईनं मात्र आधी राखेतले कडू करांदे काढले. वेलाला लागणारे ते लहान कंद ती बियाण्यासाठी जपून ठेवायची. आबा वैतागले, "आगं, सरकार जमीन देतंय. ह्यो कडू जिन्नस कशाला संगट?" आई म्हणाली, "जमीन नवी हाय. पोटं जुनीच हायती की."

तुम्हां वाडीच्या माणसांना हे सांगायची गरज नाही. पण आपण आता सांगली-साताऱ्याच्या चार वसाहतींत विखुरलोय आणि तुमच्या पोरांना करांदा म्हणजे काय ते ठाऊक नसेल. तो तसाच खाल्ला तर घसा जळतो, ओकाऱ्या होतात. त्याच्या पातळ चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरायच्या आणि टोपली दोन दिवस ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायची. कडूपणा ओढा घेऊन जातो. आईला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. वाडीत कुणाचाही करांदा आईच्या हाताखालून गेल्याशिवाय चुलीवर चढत नसे, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

सांगलीकडच्या वसाहतीत काळी सपाट जमीन मिळाली. चहूकडे ऊस. आईनं कुंपणाला वेल चढवला आणि तो आलाही जोमानं. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात तिनं पहिल्यांदा वेलाखालचे मोठे करांदे खणले. ओढा नव्हता, म्हणून टोपली कालव्याच्या पाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं मला बघायला पाठवलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. कालव्याच्या पाण्याची पाळी संपून पाट बंद झाला होता. टोपली एका खड्ड्यात होती, बुडालेली, आणि पाणी जागच्या जागी उभं होतं. मी ते पाहिलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "पाणी हाय न्हवं टोपलीवर?" मी म्हणाले, "हाय की." खोटं काहीच बोलले नव्हते. मला मैत्रिणीकडे टीव्ही बघायला जायचं होतं.

एरवी आई पहिली चकती स्वतःच्या जिभेला लावून बघायची. टोपली काढली त्या दिवशी तिचा सोमवार होता, दिवस मावळेपर्यंत ती तोंडात काही घालत नसे. नानाकाकांनी वाडीच्या आठवणीनं दोन वाट्या खाल्ल्या. तासाभरात ते ओकून ओकून पिवळे पडले आणि त्यांना जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले ते. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "वयनी, तुमच्या हातानं व्हावं व्हय हे?" गावातल्या बायका बोलायच्या, जंगलातली माणसं, कायबी खात्यात. ते आईनं कधी मनावर घेतलं नाही. नानाकाकांचं एक वाक्य मात्र तिला पुरलं. आठवडाभरात तिनं वेल मुळासकट उपटला. आपला हात गेला, असं तिनं मनाशी धरलं.

पुढे माझं लग्न उंब्रजला झालं. मग आम्ही शिरवळला आलो आणि मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. शिफ्ट, कँटीन, ओव्हरटाइम, दोन खोल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या औषधांवर लेबलं चिकटवते आणि स्वतःच्या आईकडचं एक पान मला ओळखता येत नाही, याची लाज वाटते. एकदा आईला घेऊन डोंगराकडच्या नातलगांकडे गेले होते. बांधावर एक वेल दिसला. मी म्हणाले, "आये, ह्यो करांदाच न्हवं? मला शिकिव की." तिनं वेलाकडे बराच वेळ बघितलं. "मला न्हाई वळखू येत," म्हणाली आणि चालू लागली. तेव्हा तिला खरं सांगायला हवं होतं. मी नुसती तिच्या मागं चालू लागले. दुसऱ्या वर्षी ती गेली.

इथं कुणी गाव विचारलं की मी वसाहतीचं नाव सांगते. घर विचारलं तर मला तुम्ही आठवता, कारण आईच्या हातचं खाल्लेली माणसं आता तुम्हीच उरलात, आणि तिच्या हातून चूक झाली असं मानणारीही तुम्हीच. नानाकाका अजून आहेत. त्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा. पाणी थांबलेलं मी पाहिलं होतं. माझ्या आईचं काही चुकलं नव्हतं.