बाबांची दोरी

मंडळी, आज पेडण्यात, देवळासमोरच्या रंगमंचावर, माझ्या बाबांची शोकसभा झाली.

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाबांचा जीव नाटकात. दरवर्षी देवळाच्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकात ते काम करायचे. मग नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी "म्हाताऱ्याला संवाद आठवत नाहीत" म्हणून त्यांच्या हाती पडद्याची दोरी दिली. आठ वर्षं बाबा विंगेत सगळ्यांचे संवाद पुटपुटत पडदा ओढत राहिले.

आज तेच अध्यक्ष माइकवर गहिवरले. "असा नट पुन्हा होणे नाही! मी त्यांना कायम मोठ्या भूमिका..."

मी विंगेत गेले, बाबांच्या जागी उभी राहिले आणि दोरी सोडली. पडदा अध्यक्षांच्या नाकासमोर धाडकन पडला.

आई म्हणाली, "बरा केलंस गो बाय. ह्यांका आठ वर्सां ह्योच पडदो पाडूचो होतो."

अध्यक्षांची माफी? मुळीच मागणार नाही. तुम्ही मागितली असती?