चमच्यावरची शीग

दुधाच्या पावडरीचा डबा उघडला की तो गोडसर, कोरडा वास येतो आणि मला धनजचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. तुमचे बाबा तेव्हा तीन महिन्यांचे होते. मला दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्याचं सुरू केलं होतं. पण बाळाचं पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि ते रडून लालबुंद व्हायचं. दोन डबे बदलून झाले, तिसरा आणायला मी कारंज्याला निघाले होते. पिशवी घेताना पाहिलं, तर सासूबाई दूध कालवताना ज्वारीच्या मापावर लावतात तशी प्रत्येक चमच्यावर पावडरीची शीग लावत होत्या. "आई, चमचा सपाट घ्यायचा, असं डब्यावर लिहिलंय," मी म्हणाले. "लेकराले कोनी असं मोजूनमापून देते का? बजारात इकाचं हाये का ते?" त्या हसल्या आणि एकदम थांबल्या. "म्हंजे माह्याच हातानं दुखून राह्यलं का वं त्याचं पोट?" मी छापील सूचना अक्षरन्‌अक्षर पाळणारी बाई, पण त्यांचा चेहरा पाहून म्हटलं, "नाही हो, हा डबाच त्याला मानवत नाही." आणि एसटीने जाऊन वेगळ्या चित्राचा डबा आणला. "याचा चमचा मात्र सपाटच घ्यायचा," असं बजावलं. त्या सुरीच्या पात्याने पावडर सारखी करू लागल्या आणि आठवड्याभरात बाळ शांत झोपू लागलं. "सून शिकेल हाये, बराबर डबा हुडकून आनला," असं त्यांनी गावभर सांगितलं. ती शाबासकी मी आजवर निमूट बाळगली आहे. तुमच्या बाबांनाही खरं सांगितलेलं नाही.