शेळी विझत नाही

पन्नास वर्षं मी ही गोष्ट उलटी सांगितली. खरी सांगायचं टाळलं.

एकाहत्तरच्या पौषात कळसूबाई चढताना माझ्या पिशवीत विजेरी, काडेपेट्या, स्टो, सगळं होतं. वाटेत कोट-टोपीतला, आमच्या नगरचाच एक कारकून भेटला. सोबत मफलर गुंडाळलेली शेळी. “आणीबाणीचं सामान,” तो म्हणाला. “स्टो विझतो, शेळी विझत नाही.” मी खो खो हसलो.

रात्री माथ्यावर माझा स्टो विझला. मला कुडकुडताना पाहून त्याने शेळी माझ्या कांबळ्यात सारली आणि स्वतः पोतं पांघरून बसला. सकाळी म्हणाला, “काय घोरलात हो! ती बिचारी जागीच.”

नगरला मी सगळ्यांना सांगितलं, शेळीला मिठी मारून तोच झोपला होता. त्याच्या कचेरीत त्याचं नाव ‘शेळीवाला’ पडलं. पुढे एसटी स्टँडवर, माझ्या मित्रांसमोर, त्याने मायेने विचारलं, “थंडी गेली का तुमची?”

‘माफ करा’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं, “शेळी बरी आहे ना?”