तीनशे आजी-आजोबा आणि माझा आखडलेला खांदा

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगते. आमच्या इथल्या, म्हणजे कार्डिफच्या मंडळात अजून कुणाला हे माहीत नाही, आणि तुमच्याकडून कळणारही नाही असं धरून चालते. चहा घ्या आधी.

माझं काम तुम्हाला साधारण ठाऊक आहे. स्टेडियममध्ये ते राक्षसी पडदे असतात ना, स्कोअर दाखवणारे, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कंपनी एवढीशी, अकरा माणसं. आणि अकरा जणांच्या कंपनीला अचानक चीनमधल्या एका स्टेडियमचं काम मिळालं. शहराचं नाव विचारू नका, दोन वर्षं झाली तरी मला ते नीट म्हणता येत नाही. स्टेडियम मात्र अवाढव्य. फुटबॉल तिथेच, धावण्याच्या शर्यती तिथेच, गाण्याचे कार्यक्रम तिथेच, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत म्हणे लग्नाच्या सामानाची प्रदर्शनंसुद्धा तिथेच.

त्या आठवड्यात शेवटची चाचणी होती. शुक्रवारी त्यांनी 'ठीक आहे' म्हणून सही केली की काम पास. आणि काम पास झालं की माझी नोकरी पर्मनंट, असं माझा बॉस गॅरेथ मला बोलला होता. म्हणजे बघा, काय टांगणीला लागलं होतं ते.

गुरुवारी मी घरूनच काम करत होते. सकाळचे साडेनऊ. तिकडे दुपारचे साडेचार. मला फक्त एवढं बघायचं होतं की अर्धा तास सलग व्हिडिओ आणि आवाज पाठवला तर तो मध्येच अडकत तर नाही. तोही खऱ्या पडद्यावर नाही, त्यांच्या कंट्रोल रूममधल्या टेस्टच्या छोट्या स्क्रीनवर. त्यासाठी हलतं चित्र लागतं. म्हटलं, कुठे शोधत बसू? लॅपटॉपचा कॅमेरा लावला. मीच हलते.

आणि हलायला कारणही होतं. माझा उजवा खांदा तेव्हा आखडला होता. फिजिओनं व्यायामाचा कागद दिला होता आणि मी तो फ्रिजवर लावून विसरून गेले होते. पण सासूबाई आल्या होत्या नागपूरहून. त्यांनी तिथल्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली आहे. त्या कागद विसरणाऱ्यांतल्या नाहीत.

"अर्धा तास नुसती बसून राहणार आहेस का?" त्या म्हणाल्या. "ऊठ. खांदा करून घे."

मग काय, मी कॅमेऱ्यासमोर उभी. अंगात समीरचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना टी-शर्ट, हातात चिरलेल्या टोमॅटोचा सीलबंद पत्र्याचा डबा, कारण फिजिओनं वजन म्हणून तोच सांगितला होता. मागे सासूबाई, साडीवर स्पोर्ट्स शूज, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात उलथनं. कंबरेतून वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा.

"एक, दोन, तीन, चार... हात सैल सोड नं, कोपर काहून वाकवून राहिली?"

पाचेक मिनिटांनी लिनचा मेसेज आला. लिन म्हणजे तिकडच्या कंट्रोल रूममधली इंजिनियर, अतिशय सभ्य मुलगी. "हाय मेघना, हे ठरवून आहे का?"

मी डाव्या हातानं लिहिलं, "हो, ठरवून. अर्धा तास चालेल."

पुन्हा मेसेज. "ग्राउंडवरचे लोक विचारतायत, त्यांनी पण जॉइन व्हायचं का?"

ग्राउंडवरचे लोक म्हणजे ग्राउंड स्टाफ. टेक्निशियन. दुसरं कोण असणार, तुम्हीच सांगा. मी खूश झाले. म्हटलं, किती उत्साही टीम आहे. लिहिलं, "जरूर. सगळ्यांनी हेच अगदी असंच करायचं."

थोड्या वेळानं लिन म्हणाली, "पण मेघना, सम आर व्हेरी ओल्ड. ओके?"

मला वाटलं पडद्याच्या पॅनेलबद्दल म्हणतेय. काही पॅनेल जुनी आहेत हे मला माहीतच होतं. मी अनुभवी माणसाच्या थाटात लिहिलं, "ओल्ड असतील तर आधी घ्या. जे काही बिघडायचं असतं ते त्यांच्यातच आधी बिघडतं."

लिनचं नुसतं 'ओके' आलं.

आम्ही पुढच्या व्यायामावर आलो. पाठीमागून टॉवेल धरायचा, एक टोक वर, एक खाली, आणि पाठ पुसल्यासारखं करायचं. मी कळवळत होते आणि सासूबाई मोजत होत्या. मग लिननं एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सगळे जॉइन झाले. टॉवेल नाहीत म्हणून जॅकेट वापरतायत."

मी फोटो मोठा करून बघितला.

रिकामं स्टेडियम. धावण्याच्या ट्रॅकवर रांगा करून उभी असलेली माणसं, तीनशे तरी असतील, सगळी पांढऱ्या केसांची. प्रत्येकाच्या पाठीमागे जॅकेट, एक हात वर, एक हात खाली. आणि त्यांच्या डोक्यावर, तीन मजली इमारतीएवढी, मी. वेदनेनं तोंड वाकडं केलेली. माझ्या खांद्यामागे उलथनं.

आदल्या दिवशी लिनला विचारून मी खऱ्या पडद्यावर घड्याळ तपासलं होतं. नंतर सेटिंग परत 'टेस्ट'च्या छोट्या स्क्रीनवर आणायचं राहून गेलं होतं. बस, एवढंच.

मी टॉवेल धरून तशीच उभी राहिले.

"थांबली काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे सगळं चीनमध्ये दिसतंय. स्टेडियमच्या पडद्यावर. तुम्ही मोजताय तेही ऐकू जातंय तिथे."

त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला. मला वाटलं घाबरतील, निदान कॅमेऱ्यासमोरून बाजूला होतील. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतल्या त्या आजोबांचा हात चुकून राहिला. दुसऱ्या बाजूनं धरायला पाहिजे."

"आई, मी बंद करते."

"काही बंद करायचं नाही. एवढी म्हातारी माणसं हात वर करून उभी आहेत आणि तू दिवा मालवल्यासारखी निघून जाशील? वर्ग अर्धा सोडायचा नसतो. डावी बाजू राहिली आहे. चल."

खरं सांगू? मला रडू येत होतं, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी डावी बाजू केली. मग शेवटचे दीर्घ श्वास. मग सासूबाईंनी हात जोडले, मी जोडले. लिननं नंतर सांगितलं, तीनशे जणांनीही जोडले. मग मी बंद केलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सासूबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि माझा खांदा चोळत राहिल्या.

अकरा वाजता गॅरेथचा फोन. त्यानं काही विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. टोमॅटोच्या डब्यासकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "क्लायंटची मेल आली आहे. त्यांच्या मॅनेजरना उद्या तुझ्याशी बोलायचंय. तुझ्या सासूबाईंनाही आण."

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. म्हणजे मी आणि समीर. सासूबाई जेवल्या.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मॅनेजर, शेजारी भाषांतराला लिन, आणि इकडून गॅरेथ आणि आम्ही दोघी. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं थांबवलं. आधी म्हणाले, एकतीस मिनिटांत चित्र एकदाही अडकलं नाही, सही केलेली आहे. गॅरेथनं डोळे मिटले.

मग म्हणाले, मॅच महिन्यातून दोन, गाणी कधीतरी. पण ही म्हातारी माणसं रोज संध्याकाळी येतात, ट्रॅकवर चालतात आणि जातात. एवढा मोठा पडदा आहे, पण त्यांच्यासाठी आजवर त्यावर काहीच लागलं नव्हतं. काल बऱ्याच जणांनी विचारलं, शिक्षिकाबाई पुन्हा कधी येणार? काहीजण 'एक, दोन, तीन' म्हणत घरी गेले. आठवड्यातून एकदा जमेल का?

सासूबाई म्हणाल्या, "जमेल. पण वेळेवर यायला सांगा."

मी ते इंग्रजीत सांगितलं, लिननं भाषांतर केलं आणि तिकडे सगळे हसले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. नोकरी शाबूत, सासूबाईंचा चेहरा फुललेला. मी म्हटलं, "मग मी आता मागून फक्त तांत्रिक बाजू बघते."

मॅनेजर घाईघाईनं काहीतरी बोलले. लिन म्हणाली, "नाही नाही, मेघना, विद्यार्थिनी पण पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

आता, मी काही अगदीच दगड नाही. मला बरं वाटलं. मी केस सारखे करत विचारलं, "खरंच? का बरं?"

लिन जरा अडखळली. सभ्य मुलगी आहे. "शिक्षिकाबाईंना बघून त्यांना वाटतं, हे आपल्याला कधीच जमणार नाही. तुला बघितलं की धीर येतो."

तर आता दर गुरुवारी साडेनऊला मी तीन मजली उंचीवर उभी राहून धीर देते. त्या वर्गात सगळ्यात धाकटे एक आजोबा आहेत, अडुसष्ट वर्षांचे. मी एकोणचाळीस. माझी त्यांच्याशी स्पर्धा आहे, आणि सध्या ते पुढे आहेत.